पलीकडची टोकं

थोरलीने चादरीची दोन टोकं चिमटीत धरली आणि ती मागे सरकली. समोरची दोन टोकं घेऊन धाकटीही मागे सरकली. इस्त्रीच्या गरम रोलरमधून नुकतीच निघालेली चादर दोघींच्या मध्ये ताणली गेली, एका झटक्यासरशी तिच्यातून फट् असा आवाज निघाला, आणि मग आपापली टोकं जुळवून दोघी एकमेकींकडे चालत आल्या. मध्यावर हातांना हात लागले. धाकटीने आपली टोकं थोरलीच्या बोटांत दिली, वाकून खाली लोंबणारी घडी उचलली आणि ती पुन्हा मागे गेली. दोघींच्या गळ्यातले बिल्ले एकमेकांवर आपटून टक् असा बारीक आवाज झाला.

"बिल्ले फोडाल गं दोघी मिळून," शिलाई मशीनवरून आवाज आला. "आज सकाळीच तर मिळालेत. निदान दुपारपर्यंत तरी टिकू द्या."

हा आवाज रेडिओचा. फाटक्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवणाऱ्या या बाईला हे नाव कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ते तिला चपखल बसलं होतं एवढं खरं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या लाँड्रीत यंत्रांची घरघर दिवसभर चालू असे, आणि त्या घरघरीच्या वरताण रेडिओ. भिंतीच्या एका बाजूने मळक्या कपड्यांची गाठोडी आत जात, भिंतीत बसवलेल्या मोठ्या यंत्रांतून धुऊन दुसऱ्या बाजूला निघत, तिथून रोलरवर, आणि रोलरवरून या दोघींच्या हातात. वरच्या सगळ्या मजल्यांवरची सगळी माणसं ज्या चादरींवर पडून असत, त्या आधी या दोघींच्या मधून गेलेल्या असत.

सकाळी मुकादमांनी सगळ्यांना रोलरपाशी गोळा केलं होतं. बरोबर एक तरुण संशोधक बाई होत्या आणि त्यांच्या हातात बिल्ल्यांची पेटी होती. बाईंनी एक बिल्ला स्वतःच्या गळ्यात घातला, एक मुकादमांच्या गळ्यात घातला आणि शाळेत फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सावकाश सांगितलं.

"हा तुमचं बोलणं ऐकत नाही. फोटो काढत नाही. याला एकच गोष्ट कळते. आपल्या समोर आणखी एक बिल्ला आहे का? समोर म्हणजे असं, तोंडासमोर तोंड, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर." त्यांनी मुकादमांना पाठमोरं उभं केलं. "आता नाही कळणार. आपल्या अंगात पाणी असतं, त्यातून याच्या लहरी पलीकडे जात नाहीत. पाठ फिरवली की माणूस याच्या लेखी तिथे नसतोच."

"म्हणजे पाठीमागे कोण काय बोलतं ते याला कळायचं नाही," रेडिओ म्हणाली. "मग काय उपयोग? खरी गंमत तर तिथेच असते."

सगळे हसले. पाठमोरे मुकादमही हसले.

"आजार एकाकडून दुसऱ्याकडे कुठल्या वाटेने जातो ते शोधायचंय," संशोधक बाई म्हणाल्या. "पूर्ण हॉस्पिटलमध्ये वाटतोय आम्ही हे. दोन बिल्ले समोरासमोर आले की आम्ही त्याला भेट म्हणतो. आठवडाभराच्या सगळ्या भेटींचा मग एक नकाशा करायचा. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल आणि भेटी म्हणजे रेघा. भेटी जास्त, तेवढी रेघ जाड."

भेट हा शब्द ऐकून थोरलीची मान वर झाली होती. पलीकडे धाकटीचीही. मग धाकटी खाली बघून बिल्ल्याची दोरी सारखी करू लागली, आणि सारखी झाल्यावरही बराच वेळ सारखी करत राहिली.

तो शब्द त्यांच्या घरातला होता. त्यांची आई एका वसतिगृहात कपडे धुवायला होती. सुट्टीच्या दिवशी ती दोघी मुलींना बरोबर नेई आणि गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला लावी. लहान मुलांना काही शिकवायचं तर आधी त्याला नाव द्यावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला ते आपोआप कळलं होतं. तिने घडीच्या चार पायऱ्या केल्या आणि चारींना चार नावं दिली. ताण. झटक. जुळव. भेट. ती धुण्याच्या दगडावर वाकलेली असे आणि तिथूनच ओरडून सांगे, ताण, झटक, जुळव, आणि शेवटचा शब्द लांबवून, भे-ट! मग दोघी मुली चादरीसकट एकमेकींवर धावत आणि धडकत. धाकटी तेव्हा इतकी बुटकी होती की तिची टोकं वर धरली तरी चादर जमिनीला लागे.

धाकटीची एक खोड होती. समोर ताई दिसली की ती आपली टोकं आधीच सोडून देई, कारण तिला पळत जाऊन ताईच्या कमरेला मिठी मारायची असे. चादर धुळीत पडे. आई रागावत नसे. ती हात पुसत येई, चादर झटके आणि पहिल्यापासून सुरू करी.

"भेट म्हणजे नुसतं बोटाला बोट लावणं नाही," ती सांगे. "समोरच्याने नीट धरलंय ना, ते बघायचं. त्याने धरल्याशिवाय आपण सोडायचं नाही. आणि आपण धरलंय म्हणून त्याच्या हातातून ओढून घ्यायचं नाही. कळलं?"

"कळलं," दोघी म्हणत, आणि पुढच्याच चादरीला धाकटी पुन्हा सोडून देई.

आता ती सोडत नसे. आता थोरलीची बोटं मिटेपर्यंत तिची बोटं तिथेच असत. पण आई गेल्यापासून दोघींमध्ये अबोला होता.

भांडण असं झालंच नव्हतं. आई थोरलीच्या घरी आजारी होती आणि दोघी बहिणी आळीपाळीने जागत होत्या. शेवटच्या रात्री धाकटी पडद्यापलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. उजाडता उजाडता आई गेली. धाकटी पडदा सारून बाहेर आली, आईच्या पायांपाशी उभी राहिली आणि थोरलीला म्हणाली, "मला उठवलं का नाहीस?"

थोरलीने उत्तर दिलं नाही. त्यानंतर धाकटीने काही विचारलंही नाही.

दोघी इथे आधीपासूनच कामाला होत्या, रोलरच्या दोन बाजूंना. आईचे दिवस झाल्यावर त्या कामावर परत आल्या आणि आपापल्या बाजूला उभ्या राहिल्या. अबोला धरलेल्या माणसांना मध्ये काहीतरी लागतं, ज्याच्याशी बोलता येईल. कधी ते काम रेडिओ करी. "रोलर फार तापलाय म्हणावं," असं थोरली रेडिओला सांगे, आणि रेडिओने तोंड उघडायच्या आत धाकटीने बटण फिरवलेलं असे. रेडिओ रजेवर असली की दोघी हवेशी बोलत. "कुणीतरी ती ट्रॉली सरकवली तर बरं होईल." "अभ्रे संपलेत वाटतं." हवा दोघींचं ऐके. धाकटीला सर्दी झाली की थोरली घरून गोळी आणून मशीनवर ठेवी आणि रेडिओला म्हणे, "इथे कुणाचीतरी गोळी राहिलीय."

"माझी नाही," रेडिओ म्हणे. "मला कुठे सर्दी आहे?"

"मग असेल कुणाची."

थोडा वेळ गेला की गोळी तिथे नसे.

थोरलीच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. नवरा वारला होता, मुलगा लांबच्या शहरात होता आणि फोनवर नेहमी घाईत असे. संध्याकाळी ती घरी जाई, दाराला कडी लावी, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या चादरीची टोकं हातात येईपर्यंत तिच्या हाताला कुणाचा हात लागत नसे.

नकाशा जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर लागला तेव्हा जेवणं बाजूलाच राहिली. चांगला भिंतभर कागद होता. त्यावर नावं नव्हती, नुसते आकडे, पण आपला आकडा ज्याला त्याला ठाऊक होता आणि दुसऱ्याचा विचारायला कितीसा वेळ लागतो? वरच्या मजल्यांवरच्या नर्सेसचे गोल कोळ्याच्या जाळ्यासारखे गुंतलेले होते. एका डॉक्टरच्या गोलाला ज्या बाजूने रेघाच नव्हत्या, त्या बाजूला त्याचे पेशंट होते, असं कुणीतरी म्हणालं आणि मोठा हशा पिकला. लाँड्री कोपऱ्यात होती, बाकीच्यांपासून तुटलेल्या बेटासारखी.

रेडिओने आपला गोल शोधून काढला आणि तिचा चेहरा पडला.

"हे काय? या एवढ्याशा रेघा? फाटक्या अभ्र्यातून दोरे लोंबावेत तशा? अहो बाई, मी दिवसभर बोलते. सगळ्या लाँड्रीशी बोलते!"

संशोधक बाई बाजूलाच उभ्या होत्या. "तुम्ही बोलता, पण बघता मशीनकडे," त्या म्हणाल्या. "तोंडासमोर कुणी नसतं तुमच्या."

"सुईकडे बघू नको तर काय बोट शिवून घेऊ? म्हणजे मी इतकी वर्षं एकटीच बडबडतेय म्हणायची." ती हसली, पण तिने पुन्हा एकदा आपल्या रेघा बघितल्या. मग तिचं बोट शेजारच्या दोन गोलांवर गेलं. "आणि ही कुणाची? ही रेघ आहे की दोरखंड?"

ती सगळ्या कागदावरची सर्वांत जाड रेघ होती. आकडे कुणाचे आहेत ते कळलं तशी कुजबुज झाली, कुणीतरी फुस्सकन हसलं.

"अबोल्याला चांगलं फळ आलं हो," मळक्या कपड्यांच्या बाजूचा एक जण म्हणाला. "आमच्याकडे बायको दिवसभर बोलते, आमची रेघ बघायला भिंग लागेल."

थोरली दाराशी डबा हातात धरून उभी होती. तिने रेघ बघितली. तिच्या गोलाला आणखी एकच रेघ होती, रेडिओकडे जाणारी, अगदी पुसट. ती जाड रेघ काढून टाकली तर तिचा गोल कागदावर एखादं बटण तुटून पडावं तसा राहिला असता. तिने खोलीत नजर फिरवली. धाकटी पलीकडच्या टेबलाशी भिंतीकडे पाठ करून जेवत होती. ती नकाशा बघायला उठलीच नाही. पण तिचा घास हातातच थांबला होता.

दोन दिवसांनी मुकादम रोलरपाशी आले. बोलायच्या आधी त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"वरून आलंय," ते म्हणाले. "माझं काही नाही यात. नकाशात ज्या रेघा फार जाड आहेत त्या तोडायच्या म्हणतात. उद्या साथ आली, एक आजारी पडली, तर दुसरी पडणारच, आणि मग रोलर बंद. त्यातून तुम्ही एका घरातल्या. तेव्हा सोमवारपासून धाकट्या बाई सकाळच्या पाळीला, तुम्ही दुपारच्या. मध्ये तासभर मोकळा, म्हणजे दोन पाळ्यांची गाठ पडणार नाही."

धाकटी रोलरकडे बघत होती, आणि रोलरमधून एक चादर अर्धी बाहेर येऊन लोंबत होती.

"कुणीतरी चादर धरा, करपेल," थोरली हवेला म्हणाली.

दोघींनी ती धरली.

सुट्टी झाल्यावर थोरली जिना चढून वर गेली. संशोधक बाईंना तळमजल्यावर एक छोटी खोली दिली होती. टेबलावर बिल्ले परत आलेले होते आणि बाई एकेकाची दोरी सोडवून पेटीत ठेवत होत्या. थोरलीला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"या ना मावशी. बसा."

"बसायला नाही आले. तुमच्या नकाशात एक चूक आहे, ती सांगायला आले."

"कुठली?"

"माझी रेघ. धाकटीची नि माझी. एवढी नाहीये ती."

बाईंनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला आणि बघितलं. "बिल्ले तर नीट चालत होते दोघींचे."

"बिल्ले चालत असतील. पण आमचं बोलणं नाही." थोरलीने हे असं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ती टेबलाची कड पुसत होती, जिच्यावर धूळ नव्हती. "आई गेल्यापासून एक शब्द नाही. ती माझ्या घरी येत नाही, मी तिच्या जात नाही. रस्त्यात दिसली तरी ती त्या फुटपाथने, मी या. विचारा कुणालाही. रेडिओला विचारा. असल्या माणसांची कुठे रेघ असते का? खोडून टाका ती. खोडली की पाळी बदलायला नको."

काय म्हणायचंय ते बाई दोनदा मनात जुळवत होत्या असं वाटलं.

"मावशी, आम्ही बोलणं मोजतच नाही," त्या शेवटी हळू म्हणाल्या. "प्रेम आहे की भांडण, तेही नाही. दोन माणसं समोरासमोर किती वेळ उभी राहिली, एवढंच. आणि तुम्ही दोघी... अख्ख्या हॉस्पिटलमध्ये एवढा वेळ एकमेकींसमोर कुणीच उभं राहिलेलं नाही. आया आणि त्यांची तान्ही बाळं सोडली तर, पण त्यांना आम्ही त्या कागदावर घेतलं नव्हतं."

"काम आहे ते."

"हो."

"चादरीला दोन माणसं लागतात."

"हो मावशी."

"मग?"

"मग ती रेघ मी कशी खोडू? मी काढलेलीच नाही ती." बाईंनी हातातला बिल्ला खाली ठेवला. "पाळ्या बदलतील असं मला वाटलं नव्हतं. मी वर बोलून बघते. पण ते ऐकतीलच असं नाही."

थोरली दारापर्यंत गेली आणि वळली. "त्या बिल्ल्याला पाठीमागचं दिसत नाही म्हणालात ना?"

"नाही दिसत."

"मधे पडदा असला तर?"

बाईंना प्रश्न कळला नाही. "कसला पडदा? कापडाचा? कापडातून जातात लहरी. कापडाची काहीच अडचण नाही."

"बरं," थोरली म्हणाली आणि जिना उतरून गेली.

वर कुणी ऐकलं नाही.

शनिवारी रेडिओ नेहमीपेक्षा कमी बोलली. जेवणानंतर तिने मशीन उचलून वळवलं, भिंतीकडे होतं ते खोलीकडे तोंड करून ठेवलं, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "उजेड चांगला येतो इकडून." तिकडून उजेड मुळीच येत नव्हता. संध्याकाळी ती लवकर उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दोघींच्या मध्ये येऊन थांबली.

"आता सोमवारपासून तुमचे निरोप कोण पोचवणार? माझी तर एकच पाळी, सकाळची. बोलायचं असेल तर आजच बोलून घ्या, मी चालले," असं ती रोलरला म्हणाली आणि खरोखरच गेली.

ट्रॉलीत थोड्या चादरी उरल्या होत्या. दोघी घड्या घालत गेल्या. ताण, झटक, जुळव. थोरलीचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, आवाज नव्हता. ढीग कमी होत गेला तशी ती सावकाश चालू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की धाकटीही सावकाश चालतेय. एक साधी उशीची खोळ, जी एकटीनेही घडी करता येते, तीसुद्धा दोघींनी मिळून ताणली आणि झटकली.

शेवटची चादर. दोघी चालत मध्यावर आल्या. धाकटीचे हात पुढे आले आणि थोरलीची बोटं टोकांवर मिटली. आता धाकटीने वाकायचं होतं.

"तिनेच सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

हे बोलणं रोलरला नव्हतं, हवेला नव्हतं. धाकटी वाकली नाही.

"मी उठत होते तुला हाक मारायला. तिने माझा हात धरला. म्हणाली, झोपू दे तिला, दमलीय पोर." थोरली चादरीच्या काठाकडे बघत होती. "मला वाटलं, सकाळी उठवीन. आणि नंतर कसं सांगणार होते तुला? आईने मला उठवू दिलं नाही, हे मनात घेऊन बसली असतीस जन्मभर. त्यापेक्षा मी उठवलं नाही, हेच बरं. म्हणून गप्प बसले."

यंत्रं बंद झाली होती. छताजवळच्या नळ्यांतून पाणी उतरत असल्याचा आवाज येत होता. धाकटीची बोटं अजून टोकांवर होती, थोरलीच्या बोटांच्या खाली, आणि चादर गरम होती की तिचे हात, ते कळत नव्हतं.

"ऐकलं होतं मी," धाकटी म्हणाली.

थोरलीने वर बघितलं.

"पडदाच तर होता मधे. जागी होते मी, ताई." ताई हा शब्द तिच्या तोंडून कसातरीच निघाला, खूप दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा. "तिने झोपू दे म्हटलं आणि मला इतकं बरं वाटलं. वाटलं, अजून थोडा वेळ. उठायचं नव्हतं मला. पाय जड झाले होते. म्हटलं, सकाळ आहेच." ती थांबली. "आणि उठून बाहेर आले, तर तुला म्हटलं, मला उठवलं का नाहीस."

थोरलीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. धाकटीने मान हलवली, जोरात, लहानपणी औषध नको म्हणताना हलवायची तशी. तिने टोकं थोरलीच्या हातात नीट दिली, थोरलीची बोटं मिटली आहेत हे बघितलं, मग सोडली. पदराने तोंड पुसलं आणि ती दाराबाहेर गेली. खाली लोंबणारी घडी उचलायची राहून गेली. थोरली ती चादर तशीच छातीशी धरून उभी होती.

त्यांच्या गळ्यात आता बिल्ले नव्हते. ते केव्हाच पेटीतून परत गेले होते.

सोमवारी थोरली दुपारच्या पाळीला आली तेव्हा लाँड्रीत कुणी नव्हतं. सकाळची पाळी सुटून तास झाला होता. रेडिओच्या मशीनवर कापड झाकलेलं होतं, मशीनचं तोंड अजून खोलीकडेच होतं. घड्या घालून ठेवलेल्या चादरींचे ढीग भिंतीशी नीट लागले होते. तिने हात धुतले, रोलर चालू केला आणि तो तापेपर्यंत ती लांब टेबलाकडे गेली.

टेबलावर एक चादर होती. मधोमध, सरळ, लांबीने पसरलेली. एकीवर एक कड बरोबर बसवून ती निम्मी केलेली होती आणि हाताने दाबून दाबून तिच्यातली प्रत्येक सुरकुती काढलेली होती. पलीकडच्या बाजूची दोन टोकं एकावर एक जुळवून गार इस्त्रीखाली ठेवली होती. अलीकडची दोन टोकं टेबलाच्या कडेवरून, थोरली ज्या बाजूला उभी राहत असे त्या बाजूला, खाली सोडलेली होती. पुढची घडी घातलेली नव्हती.

मागून मुकादम आले. त्यांनी चादर बघितली आणि जिभेने च्क केलं.

"बघा, पहिल्याच दिवशी अर्धवट काम. ढीगभर चादरी नीट केल्या आणि एक अशी टाकून गेल्या. दमल्या असतील. नव्या जोडीदारणीबरोबर हात बसत नाही लवकर." ते जायला वळले. "तुमच्या बहिणीला सांगा हो जरा."

"सांगते," थोरली म्हणाली.

मुकादम दोन पावलं गेले आणि थांबले. त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. टोपी सारखी करत ते बाहेर गेले.

थोरलीने लोंबणारी दोन टोकं उचलली. चादर कधीच गार झाली होती. तिने ती चिमटीत धरली आणि हलकेच ताणली. पलीकडची टोकं सुटली नाहीत.